तीन मायक्रॉन

गोखले रोडवर, नागडांच्या दुकानात
एकाच मखमलीवर दोन घड्याळं.
एक काळं, थर चढवलेलं.
एक उघडं पोलाद, बारीक आडव्या रेघांचं.
काटे तेच, काच तीच, आतलं यंत्रही तेच;
काळ्याला अठराशे रुपये जास्त.

रोज घालायचंय, मी म्हणते.
मग काळंच घ्या मॅडम, नागडांचा मुलगा म्हणतो,
ऑफिसात उठून दिसेल.

माझं ऑफिस वागळे इस्टेटमध्ये,
रोड नंबर सोळा, पत्र्याखाली.
मी तिथे थर मोजते.
दिवसाला चाळीस-पन्नास तुकडे:
नळाच्या तोट्या, कड्या, बिजागऱ्या,
कधी कुणाच्या घड्याळांच्या रिकाम्या केसेस,
निर्वात भट्टीतून काळ्या होऊन आलेल्या,
हाताला अजून कोमट.

तीन मायक्रॉन.
केसाचा विसावा हिस्सा म्हणा.
त्याला वरवरचा म्हणणारे पुष्कळ भेटतात,
मी म्हणत नाही.
तो खालच्या पोलादाहून कठीण असतो.
पर्समधल्या किल्ल्या, सुटे पैसे,
ओट्याची कड, त्याला काही करत नाहीत.
फक्त एखादा घाव नीट बसला,
लिफ्टच्या जाळीचा, जिन्याच्या कठड्याचा,
की टवका उडतो,
आणि मग त्या काळ्यात
तेवढा एक पांढरा ठिपकाच घड्याळ होऊन बसतो.

पहिल्या दिवसासारखं राहतं, राहतं, राहतं,
आणि एका मंगळवारी राहत नाही.

पोलादाला आठवडाभरातच ओरखडे.
आमच्या मांडणीतल्या ताटांना आहेत तसे,
काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं
कुमुदिनी बाळकृष्ण पाताडे
आता तिरपं धरल्याशिवाय वाचता येत नाही.
आईने चाळीस वर्षं काथ्याने घासली ती ताटं.
झिलई गेली. खालून
ताटच निघालं.

अण्णा क्रोमच्या टाकीवर होते, एकवीस वर्षं.
लोकांच्या सायकलींची हँडलं त्यांनी आरशासारखी केली.
वाफेने त्यांच्या नाकाचा पडदा आतून विरला;
आमटी लागली तर आम्ही सांगायचो
तेव्हा त्यांना कळायचं.
त्यांचं घड्याळ सोनेरी मुलाम्याचं.
कडांचं सोनं उतरलं, पितळ वर आलं,
मनगटावर हिरवट कडं.
आई लिंबाच्या फोडीने ते पुसायची, म्हणायची,
आता तरी साधं स्टीलचं घ्या.
ते म्हणायचे,
आपल्याच धंद्याला नावं कशी ठेवायची?

तुझ्या हातात कुठलं रे?
मुलगा बाही मागे सारतो.
काळं. म्हणजे काळं होतं.
कडा उजळून राखाडी, बक्कल तर पार पांढरं,
दिवसभर काउंटरच्या काचेवर टेकून टेकून.
जिथे हात लागत नाही तिथे मात्र
अजून अमावास्या.
मी बघतच राहते.
असं दाखव ना एखादं.
तो हसतो.
असं येत नाही मॅडम.
असं व्हायला चार वर्षं लागतात.

उघडं पोलाद मी दोनदा हातात घालून पाहिलं.
चांगलं होतं. खरंच चांगलं होतं.
त्याला उलटून परत मखमलीवर ठेवताना
जरा ओशाळल्यासारखं झालं.

काळं घेतलं.

सोमवारी, जेवणाच्या सुट्टीत,
सगळे बाहेर गेल्यावर
ते काढून यंत्राखाली ठेवलं.
पट्ट्याजवळ, बाराच्या बाजूला, एक वाचन.
सहाच्या बाजूला दुसरं. मग तिसरं,
कारण पहिल्या दोनांवर विश्वास बसेना.

दोन पूर्णांक चार.

पट्टीत बसत नाही.
माझ्या हाताखालून जायचं असतं
तर लाल टॅग लावून परत भट्टीकडे.

ड्रॉवर उघडला. टॅगचं बंडल तिथेच होतं.
वरचा एक टॅग काढला, त्यावर तारीख लिहिली,
मग त्याचीच घडी करून
डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सारली.
घड्याळ चढवलं.
एक वाजून चोवीस.
दुपारच्या तोट्या यायच्या होत्या.